मी फक्त नाव सांगितलं

गणेशोत्सवातली रात्र. स्पीकरला बारापर्यंत सवलत असते त्या दिवसांपैकी ही नव्हती. पुण्याच्या नारायण पेठेतून नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत साडेदहा वाजून गेले तरी मंडपाशेजारची स्पीकरची भिंत चालूच होती. समोरच्या, वाडा पाडून बांधलेल्या चार मजली इमारतीतून कोणीतरी ११२ ला फोन केला. थोड्या वेळात गस्तीचे पोलीस, म्हणजे बीट मार्शल, आले, आवाज बंद करायला लावला, मंडळाच्या अध्यक्षांचं नाव लिहून घेतलं. जाता जाता त्यांच्यातला एक बोलून गेला, ‘समोरच्याच बिल्डिंगमधून फोन आलाय, दुसऱ्या मजल्यावरून.’

प्रकरण सुरू होतं ते या एका वाक्यापासून. हे अभ्यासासाठी बांधलेलं प्रकरण आहे. अशा तंट्यांत जे जे घडताना दिसतं ते एकाच गल्लीत आणून ठेवलंय. तेव्हा ही गल्ली कोणती, हे शोधायला जाऊ नये; दुसऱ्याची ओळख उघडी पाडणं हा विषय पाहता ते शोभणारही नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेतात. सासरे अंथरुणाला खिळलेले, मुलगी कॉलेजात, नवरा फिरतीच्या नोकरीत. मंडळातल्या निम्म्या पोरांची दहावी बाईंनीच पार पाडलेली. वर्गणी दरवर्षी न मागता. आधीच्या दोन वर्षी त्या स्वतः खाली उतरून सांगून आल्या होत्या. दोन्ही वेळा उत्तर मिळालं होतं, ‘दहाच मिनिटं काकू.’

मंडळाचं इन्स्टाग्राम पेज सांभाळणारा कार्यकर्ता तेवीस वर्षांचा. बी.कॉम. झालेला, एका खासगी वित्तसंस्थेत कंत्राटावर. त्याला गुंड समजून पुढे वाचलं तर हे प्रकरण कळणारच नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, तेव्हा गुडघाभर चिखलात उभं राहून लोकांची कपाटं बाहेर काढणाऱ्यांत तो होता. मंडळ म्हणजे त्याच्यासाठी वर्षातले दहा दिवस नव्हेत.

त्या रात्री बाराच्या सुमाराला त्यानं पेजवर एक स्टोरी टाकली. इमारतीचा फोटो, जिन्याशी लावलेला शिकवणीचा बोर्ड, त्यावर बाईंचं नाव आणि मोबाईल नंबर स्पष्ट वाचता येईल असा. वर एक ओळ: ‘यांना बाप्पाचा त्रास होतो. जरा समजावून सांगा.’ शेवटी हात जोडल्याची खूण.

सकाळपर्यंत तिचे स्क्रीनशॉट पेठेतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत पोहोचले, दुपारपर्यंत पुण्याबाहेर. सांगली, नागपूर, संभाजीनगर इथली माणसं, ज्यांनी ही गल्ली जन्मात पाहिलेली नाही, ती बाईंना फोन करू लागली. आधी ‘समजावणं’, मग शिव्या, मग रात्री दोनला व्हिडिओ कॉल. पैसे घरपोच देण्याच्या बोलीवर कोणी कोणी मागवलेली जेवणं दारात येऊ लागली. शिकवणीच्या गूगल नोंदीवर एक तारा देणाऱ्यांची रांग लागली. मग कोणीतरी मतदारयादीतलं पान टाकलं. त्यात घर क्रमांकासकट नवऱ्याचं, सासऱ्यांचं आणि मुलीचं नाव आणि वय. बाईंनी फोन बंद ठेवला. मुलगी आठवडाभर कॉलेजला गेली नाही. दोन पालकांनी ‘सध्या वातावरण बरं नाही’ म्हणत मुलं काढून घेतली.

नंतर मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी त्या कार्यकर्त्याला समोर बसवलं तेव्हा त्याची बाजू तीन वाक्यांत मावली. यातलं काहीच गुपित नव्हतं, बोर्ड त्यांनीच लावलाय. त्यांनी चोरून तक्रार केली, खाली येऊन का नाही बोलल्या? आणि मी फक्त नाव सांगितलं, शिव्या द्या असं कोणाला सांगितलं नव्हतं.

ही तिन्ही वाक्यं तो मनापासून बोलत होता. सोशल मीडियावर दुसऱ्याची ओळख, पत्ता, नंबर उघडा पाडणाऱ्याला, म्हणजे डॉक्सिंग करणाऱ्याला, आपण विकृत समजतो. तसे असतातही. पण बहुसंख्य वेळा हे काम करणाऱ्याला आपण न्याय करतोय असंच वाटत असतं. नीतीची जाणीव सुटली म्हणून त्याच्या हातून हे घडत नाही. उलट ती जाणीव तापलेली असते, आणि तापलेल्या जाणिवेला मोबाईलमध्ये सोयीचं हत्यार सापडतं.

गुपित नव्हतं, हे खरंच आहे. अशा प्रकरणांत टीका करणारे बहुतेकदा ‘चुकीच्या माणसाचं नाव आलं तर?’ इथून सुरुवात करतात. तो धोका पुण्यानं पाहिलाय. मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर आरोपी मुलाचा म्हणून एक रॅपचा व्हिडिओ देशभर फिरला. तो त्या मुलाचा नव्हताच, भलत्याच तरुणानं केलेला होता. पण मी मुद्दाम असं प्रकरण घेतलंय जिथे नाव बरोबर आहे, नंबर बरोबर आहे आणि तक्रारही त्याच बाईंनी केली आहे. चूक काढायला जागाच नाही. तरी काहीतरी भयंकर घडलंय, हे वाचणाऱ्याला जाणवतं. ते काय?

हेलन निसनबॉम या अभ्यासिकेनं २००४ मध्ये खासगीपणाबद्दल एक वेगळी मांडणी केली. माहिती गुप्त आहे की उघड, एवढंच पाहून भागत नाही. ती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाचे नियम पाळले गेले का, हे पाहावं लागतं. बोर्डावरचा नंबर पालकांसाठी होता. मतदारयादी निवडणुकीसाठी छापतात, दारावरची पाटी पोस्टमनसाठी असते. तीन ठिकाणी विखुरलेले हे तुकडे एकत्र, एका रागाच्या ओळीखाली आले की तयार होणारी वस्तू तिन्हींपेक्षा वेगळी असते. शिवाय तिला वेळही चिकटते, रात्रीचे बारा, डोकी तापलेली असताना.

‘खाली येऊन का नाही बोलल्या’ या वाक्याकडे मात्र जास्त थांबून पाहिलं पाहिजे, कारण पेठेतल्या माणसाच्या मनात ते खोल रुजलेलं आहे. इथे भांडण समोरासमोर होतं. गॅलरीतून होतं, जिन्यात होतं, फळ्यावर खडूनं लिहून होतं, पण कोणाचं कोणाशी आहे ते सगळ्यांना माहीत असतं. पोलिसांना फोन म्हणजे गल्लीचं गल्लीबाहेर नेणं. त्यात नाव न सांगता केलेला फोन म्हणजे दुप्पट अपराध. कार्यकर्त्याच्या दृष्टीनं बाईंनी आवाजाच्या नियमाचा आधार घेतला, हा मुद्दाच नव्हता. त्यांनी आपल्या माणसांना परक्यांच्या हवाली केलं, हा होता. मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीतीच्या पायांची जी यादी केली आहे, त्यात इजा आणि न्याय यांच्याबरोबर निष्ठा आणि पावित्र्य हेही आहेत. बाई पहिल्या दोन पायांवर उभ्या होत्या: आजारी माणूस आणि सगळ्यांना सारखा नियम. पोरं उरलेल्या दोनांवर उभी होती: आपलं मंडळ आणि बाप्पा. दोघांनाही समोरचा अनैतिक दिसत होता.

इथे मी तटस्थ नाही. नाव लपवणं हा भित्रेपणा असं मानणाऱ्यानं हेही पाहावं की समोर येण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही. शंभर पोरांच्या घोळक्यात रात्री साडेदहाला एकटी बाई ‘आवाज बंद करा’ म्हणायला उतरते आणि त्याच घोळक्यातला एकजण तिच्या दारात जातो, या दोन सारख्या गोष्टी नव्हेत. कायद्यानं हे ओळखलं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबल आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना बजावलं की तक्रारदार कोण याची शहानिशा करत न बसता कारवाई करा आणि तो कोण ते कळलंच तर समोरच्याला सांगू नका. मार्शलच्या तोंडून निसटलेलं ‘दुसऱ्या मजल्यावरून’ हे त्यामुळे किरकोळ नाही. पहिली गळती तिथेच झाली.

डेव्हिड डग्लस यांनी २०१६ मधल्या एका लेखात डॉक्सिंगचे तीन प्रकार वेगळे केले आहेत: निनावी माणसाचं नाव उघड करणं, त्याच्यापर्यंत प्रत्यक्ष पोहोचता येईल अशी माहिती देणं, आणि त्याची पत संपेल असं काही बाहेर काढणं. आपल्या कार्यकर्त्यानं एका स्टोरीत तिन्ही उरकले. नाव बोर्डावर होतं, पोहोचण्यासाठी नंबर आणि इमारत होती. पत घालवायला एकच ओळ पुरली. ‘दहानंतर आवाज बंद करा म्हणाल्या’ असं त्यानं लिहिलं असतं तर निम्म्या वाचणाऱ्यांनी बाईंचीच बाजू घेतली असती. त्यानं लिहिलं, ‘बाप्पाचा त्रास होतो.’ डेसिबलचा प्रश्न श्रद्धेचा झाला आणि शिकवणीच्या बाई एका रात्रीत देवाच्या शत्रू झाल्या. नंबरपेक्षा ही ओळ जास्त घातक होती असं माझं मत आहे.

त्याला हे करून काय मिळालं? पैसे नाहीत. बाईंशी जुनं वैर तर नव्हतंच. जिलियन जॉर्डन आणि सहकाऱ्यांचे २०१६ मधले प्रयोग इथे उपयोगी पडतात. आपलं काही बिघडलेलं नसताना स्वतःचे पैसे खर्चून स्वार्थी माणसाला शिक्षा करणाऱ्यावर बघणारे जास्त विश्वास टाकतात, असं त्यांत दिसलं. शिक्षा करणं ही ‘मी भरवशाचा आहे’ अशी जाहिरात असते. त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट होती. मदत करून विश्वास मिळवण्याची वाट समोर असेल तर शिक्षेच्या जाहिरातीचं वजन घटतं. एकतानगरीतला चिखल उपसणं ही याची दुसरी वाट होती. त्या फोटोंना ओळखीच्यांचे लाईक आले आणि थांबले. ही स्टोरी मात्र पेजच्या आजवरच्या कोणत्याही गोष्टीपेक्षा दूर गेली. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ट्विटरवरच्या संदेशांचा अभ्यास करून दाखवलं की संतापाच्या पोस्टला लाईक आणि शेअर मिळाले की माणूस पुढच्या वेळी जास्त संताप व्यक्त करतो. कोणता गुण दाखवला की टाळ्या पडतात, हे पोरगा स्क्रीनवरून शिकत होता. तिथे चिखल चालत नव्हता.

राहिलं तिसरं वाक्य. मी फक्त नाव सांगितलं.

माझ्या मते अशा सगळ्या प्रकरणांची किल्ली या वाक्यात आहे. शिक्षा करण्याच्या कामाचे दोन तुकडे केले जातात. बोट दाखवण्याचा तुकडा एकजण उचलतो आणि त्याचं श्रेय घेतो. प्रत्यक्ष मारण्याचा तुकडा अनोळखी माणसांवर सोडतो आणि त्याची जबाबदारी घेत नाही. मारणाऱ्यांपैकी प्रत्येकाला वाटतं आपण एक फोन केला, एक तारा दिला, तेवढ्यानं काय होतंय. बेरीज कोणीच करत नाही. आपल्याच नीतीच्या बोचणीतून माणूस कसा निसटतो याच्या वाटा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांनी मोजून ठेवल्या आहेत. त्यातल्या कितीतरी या एका स्टोरीत आहेत. ‘समजावून सांगा’ हे गोड नाव. ‘त्यांनीच आधी फोन केला’ हा उलटा दोष. ‘सगळ्यांनीच शेअर केलं’ ही वाटून टाकलेली जबाबदारी. हात जोडल्याची खूण तर कळसच.

आणि नाव सांगणं ही मुळात लहान गोष्ट नाही. डेबोरा स्मॉल आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी २००५ मध्ये तपासलं की चूक तीच, नुकसान तेवढंच, पण चूक करणारा ‘कोणीतरी एक’ ऐवजी ‘अमुक एक’ म्हणून नेमून दिला की शिक्षा वाढते का. वाढते, आणि राग वाढल्यामुळे वाढते. म्हणजे नाव सांगणारा रागाला पत्ता तर देतोच, पण राग वाढवतोही. ‘समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी फोन केला’ एवढ्यावर मंडपात चार शिव्या हासडून पोरं झोपायला गेली असती.

इथवर वाचून बाईंची बाजू घेणाऱ्यांसाठी प्रकरणाचा पुढचा भाग आहे.

चौथ्या दिवशी वारं फिरलं. हेही अपेक्षित म्हणायचं. ताकुया सावाओका आणि बेनवा मोनां यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात एकट्यानं केलेली टीका लोकांना योग्य वाटते, पण तीच टीका शेकडोंच्या गर्दीत आली की दांडगाई वाटते आणि मूळ अपराध्याची कीव येऊ लागते. बाईंची कीव यायला वेळ लागला नाही. त्यांचे माजी विद्यार्थी हिंजवडीत आहेत, बंगळूरला आहेत, काही देशाबाहेर आहेत. त्यांनी तासाभरात पेज चालवणारा कोण ते शोधलं. लिंक्डइनवरून नोकरी सापडली. कंपनीला टॅग करून लिहिलं, ‘तुमचा कर्मचारी महिलांचे नंबर व्हायरल करतो.’ यातला शब्द न् शब्द खरा. कोणीतरी त्याच्या आईचा डब्यांचा व्यवसाय शोधून काढला, तिचा नंबर टाकला. तिच्याही नावापुढे एक तारा देणाऱ्यांची रांग लागली. कंत्राटी माणसाला काढायला वेळ लागत नाही. सोमवारपासून येऊ नकोस, एवढंच त्याला सांगण्यात आलं.

पोस्ट टाकणाऱ्या विद्यार्थिनीला एकानं विचारलं, आईचा काय संबंध? तिचं उत्तर होतं की तो नंबर डब्याच्या जाहिरातीत उघडच आहे, सुरुवात त्यानं केली, आणि तिनं तर फक्त टॅग केलं होतं.

दोन्ही कृत्यं सारखी आहेत असं मी म्हणणार नाही. पहिल्यानं बेसावध कुटुंबाच्या दाराशी, एका तरुण मुलीपर्यंत, अनोळखी पुरुष पोहोचवले. दुसरं त्याला दिलेलं उत्तर होतं. पण दोन्हीकडे मनाची चाल तीच, हे डोळ्यांआड करता येत नाही. बाईंनी स्वतः माजी विद्यार्थ्यांना पोस्ट काढायला सांगितलं. त्यांतल्या दोघांनी काढली. एकजण म्हणाला, ‘बाई, तुम्ही फार साध्या आहात.’

मग काय, कोणाचं नाव कधी घ्यायचंच नाही? तसंही नाही. रात्री रिक्षावाल्यानं वाकडी वागणूक दिली आणि मुलीनं गाडीचा नंबर पोलिसांच्या खात्याला टॅग करून टाकला, तर ती तक्रार आहे. तो नंबर तक्रारीला लागतोच. त्याच रिक्षावाल्याच्या घराचा फोटो टाकला तर तो कोणत्याच तक्रारीला लागत नाही, फक्त दारापर्यंत जायला लागतो. माझ्यापुरती मी कसोटी अशी लावतो: ही माहिती ज्याला उत्तर द्यायचा अधिकार आहे त्याच्याकडे जातेय, की ज्यांना फक्त हात आहेत त्यांच्याकडे? ठेवीदारांच्या पैशावर डल्ला मारणारा संचालक किंवा लाच मागणारा अधिकारी यांचं नाव त्यांच्या पदासकट घ्यावंच लागतं. त्यांच्या मुलाची शाळा कोणती, हे कशालाच लागत नाही. सीमेवरची प्रकरणं उरतातच, आणि ती अवघड असतात.

कायद्याचं थोडक्यात. डॉक्सिंग नावाचा स्वतंत्र गुन्हा आपल्याकडे नाही. सिंगापूरनं २०१९ च्या दुरुस्तीनं, नेदरलँड्सनं १ जानेवारी २०२४ पासून तो केला आहे. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतलं धमकीचं कलम ३५१, बाईचा पाठलाग आणि नको असताना संपर्क यासाठीचं कलम ७८, यांचा आधार घ्यावा लागतो. ती कलमं फोन करणाऱ्यांना लागू पडतात, बोट दाखवणाऱ्याला पकडणं अवघड जातं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्याकडून आशा असेल, तर तो माणसानं स्वतः उघड केलेली आणि कायद्यानं उघड करावी लागलेली माहिती बाहेर ठेवतो. म्हणजे शिकवणीचा बोर्डही बाहेर आणि मतदारयादीही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं आहे. पण त्या हक्कापासून रात्री दोनच्या व्हिडिओ कॉलपर्यंतचा रस्ता लांबचा आहे. बाईंनी सायबर पोलिसांकडे अर्ज दिला. स्टोरी चोवीस तासांनी आपोआप गेली होती, स्क्रीनशॉट होते. काही फोन नंबरांच्या मालकांना बोलावून समज देण्यात आली.

विसर्जनानंतर मंडळाची बैठक झाली. पेजचा पासवर्ड आता तिघांकडे राहील आणि माणसाचा चेहरा, घर किंवा नंबर असलेली कोणतीही पोस्ट तिघांच्या संमतीशिवाय जाणार नाही, हे विनातक्रार मंजूर झालं. कार्यकर्त्यानं बाईंकडे जाऊन माफी मागावी, असं काहींचं म्हणणं होतं. तो म्हणाला, ‘फोन आले त्याबद्दल मागतो, स्टोरीबद्दल नाही, खोटं काय होतं त्यात?’ त्यावर कोणाला नीट उत्तर देता आलं नाही. मंडळाचे जुने अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी मग एक सूचना मांडली. पुढच्या वर्षी मंडपाबाहेर मोठी पाटी लावायची: आवाजाचा त्रास होत असल्यास या नंबरवर फोन करा, तुमचं नाव विचारलं जाणार नाही. म्हणजे कोणाला पोलिसांकडे जावं लागणार नाही आणि गल्लीचं गल्लीत राहील. सूचना सगळ्यांना पटली. पाटीवर नंबर कोणाचा लिहायचा, यावर मात्र गाडी अडली. अध्यक्ष म्हणाले, माझा सगळ्यांकडे आहेच, पाटीवर नको. खजिनदाराच्या घरी लहान मूल. ज्यानं त्यानं आपापली अडचण सांगितली. शेवटी मंडळासाठी वेगळं सिमकार्ड घ्यायचं ठरलं. दहा दिवस तो फोन कोणी सांभाळायचा, ते पुढच्या बैठकीवर ठेवलं आहे.